अधिकाऱ्यांची पार्श्वभूमी आणि कंपनीच्या योजनांचे प्रकटीकरण : वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. कारखान्याच्या प्रमुखांनी पाठवलेल्या टिपणात एक साधे वाक्य होते : ‘दुसऱ्या शेडमध्ये दिवाळीपर्यंत दोन नवे प्रेस बसतील आणि आज बाहेरून करून घ्यावे लागणारे काम आपल्याकडेच होईल.’ वित्तप्रमुखांकडून परत आले तेव्हा ते असे झाले होते : ‘क्षमताविस्तारासाठी अंतर्गत निधीतून भांडवली खर्च करण्यात येत असून अपेक्षित परतावा कंपनीच्या निकषांशी सुसंगत आहे.’ त्यानंतर मसुदा कंपनी सचिवांकडे गेला. त्यांचे मूळ शिक्षण कायद्याचे. त्यांच्या टेबलावरून पुढे गेले ते वाक्य असे : ‘बाजारातील परिस्थितीच्या अधीन राहून क्षमताविस्ताराच्या संधींचा योग्य वेळी विचार करण्यात येईल.’ छापले गेले ते हेच.

या तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. कारखान्याच्या प्रमुखांना मशीन दिसत होते, वित्तप्रमुखांना पैसा कोठून येणार आणि किती परत मिळणार हे दिसत होते, आणि सचिवांना उद्या एखाद्या भागधारकाने किंवा नियामकाने बोट ठेवले तर आपण काय उत्तर देऊ, हे दिसत होते. परंतु भागधारकाच्या हातात पडलेल्या अहवालात ना प्रेस होता, ना पैसा, ना दिवाळी. कंपनीच्या पुढच्या योजनांविषयी बाहेरच्या माणसाला काय कळते आणि काय कळत नाही, हे किती अंशी त्या योजना मांडणाऱ्यांच्या आयुष्यभराच्या व्यवसायावर अवलंबून असते, ते मला त्या एका वाक्याच्या प्रवासातून नीट उमगले.

अभ्यासकांनी हा विषय फार पूर्वीपासून हाताळला आहे. 1958 मध्ये डिअरबॉर्न आणि हर्बर्ट सायमन यांनी एका मोठ्या उत्पादक कंपनीतील 23 अधिकाऱ्यांना एकाच पोलाद कंपनीची हकिकत वाचायला दिली आणि नव्या अध्यक्षाने सर्वांत आधी कोणता प्रश्न हाताळावा, असे विचारले. विक्री विभागातल्या 6 जणांपैकी 5 जणांनी विक्रीचा प्रश्न सांगितला. इतर विभागांतल्या अधिकाऱ्यांमध्ये हे प्रमाण पुष्कळच कमी होते. 1984 मध्ये डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी याच धाग्यावर आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला की, कंपनीचे निर्णय म्हणजे बऱ्याच अंशी तिच्या वरच्या फळीतील माणसांच्या अनुभवाचे प्रतिबिंब असते. त्यांनी अधिकाऱ्यांच्या कामाचे साधारण तीन गट मानले : विक्री, मार्केटिंग, नवे उत्पादन अशी बाजाराकडे तोंड असलेली कामे, उत्पादन, हिशेब, प्रक्रिया अशी आतल्या बाजूची कामे, आणि कायदा, वित्त यांसारखी मुख्य प्रवाहाच्या कडेची कामे. हे वर्गीकरण आजही उपयोगाचे आहे. मात्र ते हातात आले की लोक घाईने निष्कर्ष काढू लागतात, आणि ज्या चुकांविषयी मला लिहायचे आहे त्यांचे मूळ त्या घाईत आहे.

पदवी पाहून माणूस ठरवू नका

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त दिशाभूल करणारी चूक हीच. अहवालाच्या सुरुवातीला संचालकांची ओळख असते. त्यातली पदवी वाचून ‘हे इंजिनिअर, म्हणजे प्रकल्पांबद्दल सविस्तर सांगतील’, ‘हे सीए, म्हणजे हात आखडता घेतील’ असे ठोकताळे बांधले जातात. पदवी ही विशीतली गोष्ट आहे. त्यानंतरच्या तीस वर्षांत माणूस कोणत्या खुर्च्यांवर बसला, कोणाला उत्तर देत आला आणि कशावरून त्याचे कौतुक झाले किंवा त्याला बोलणी खावी लागली, यावरून त्याची सांगण्याची पद्धत घडते.

इन्फोसिसचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. 1981 मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे बंगळुरूला गेलेली ही कंपनी 2014 पर्यंत तिच्या संस्थापकांपैकीच कोणीतरी चालवत होते. त्या वर्षी विशाल सिक्का मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ते स्टॅनफर्डमधून संगणकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले आणि एसएपी या सॉफ्टवेअर उत्पादने बनवणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञानाची धुरा सांभाळून आलेले. जानेवारी 2018 मध्ये त्या खुर्चीवर सलील पारेख आले. तेही इंजिनिअरच, आयआयटी मुंबईचे, पण त्यांची कारकीर्द कॅपजेमिनीत, म्हणजे सल्ला आणि सेवा देणाऱ्या कंपनीत घडलेली. पदवीच्या रकान्यात दोघेही तंत्रज्ञ. पण त्यांनी कंपनीची दिशा जाहीरपणे कशी मांडली ते पाहा. सिक्का यांनी 2020 सालासाठी तीन आकडे समोर ठेवले : 20 अब्ज डॉलरचा महसूल, महसुलाच्या 30 टक्के परिचालन नफा आणि दर कर्मचाऱ्यामागे 80 हजार डॉलरचा महसूल. यातला तिसरा आकडा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. माणसे न वाढवता महसूल वाढणे हा उत्पादन विकणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचा स्वभाव असतो. सेवा कंपनीत महसूल आणि मनुष्यबळ बरोबरीने वाढतात. उत्पादनांच्या जगातून आलेल्या माणसाने आपल्याला सवयीचे माप सेवा कंपनीला लावले, आणि त्यातून कंपनीने कोठे जावे याविषयीचे त्याचे मतही जाहीर झाले. पारेख यांनी एप्रिल 2018 मध्ये जी मांडणी केली तिच्यात ग्राहकांचे डिजिटल काम वाढवणे, त्यांच्या मूळ यंत्रणांचे आधुनिकीकरण करणे, कर्मचाऱ्यांना नवी कौशल्ये देणे आणि ज्या देशांत काम करायचे तेथे स्थानिक भरती वाढवणे, असे चार भाग होते. दूरच्या एका सालावर रोखलेल्या तीन आकड्यांच्या जागी ग्राहक आणि मनुष्यबळ यांची भाषा आली होती.

युनिलिव्हरचे माजी प्रमुख पॉल पोलमन हे दुसरे उदाहरण; हिंदुस्थान युनिलिव्हर ही मुंबईची कंपनी त्याच समूहातली, म्हणून आपल्याकडच्या वाचकांना ते नाव परके नाही. पोलमन यांनी प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये वित्त विभागातून सुरुवात केली, पुढे तेथेच संपूर्ण व्यवसाय सांभाळला, मग नेस्लेमध्ये वित्तप्रमुख झाले आणि जानेवारी 2009 मध्ये युनिलिव्हरचे मुख्य कार्यकारी अधिकारी. वित्तातला माणूस म्हणजे दर तिमाहीला नेमके आकडे, हा ठोकताळा लावला असता तर येथे साफ फसगत झाली असती, कारण पोलमन यांनी आल्या आल्या नफ्याचे अल्पकालीन अंदाज देणे बंद केले. 2010 मध्ये त्यांनी व्यवसाय दुप्पट करण्याचे आणि पर्यावरणावरील भार निम्मा करण्याचे दीर्घ पल्ल्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तिमाही अंदाजांचा गुंतवणूकदारांवर आणि कंपनीच्या आतल्या निर्णयांवर कसा परिणाम होतो, हे वित्तप्रमुखाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाइतके जवळून कोण पाहतो? त्यांच्या निर्णयाचे मूळ मला तेथे दिसते. तेव्हा पार्श्वभूमीचा परिणाम झाला होता, फक्त ठोकताळ्याच्या उलट दिशेने.

म्हणून अधिकाऱ्याचा परिचय वाचताना पदवीचा रकाना शेवटी वाचावा. आधी पाहावे की या माणसाने सर्वांत जास्त वर्षे कोणत्या विभागात काढली, सध्याच्या पदाच्या लगेच आधी तो काय करत होता, तो याच कंपनीत वाढला की बाहेरून आला, आणि बाहेरून आला असेल तर ती कंपनी कोणत्या प्रकारची होती. सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीला नव्या संचालकाची नेमणूक भागधारकांपुढे मांडताना त्याचा थोडक्यात परिचय आणि कौशल्याचे क्षेत्र सांगावेच लागते. सभेच्या सूचनेला जोडलेल्या परिशिष्टात ही माहिती मिळते. चकचकीत अहवालातल्या परिचयापेक्षा ती जास्त कोरडी आणि म्हणूनच जास्त कामाची असते.

अचूकता म्हणजे मोकळेपणा नव्हे

लिंडा बॅम्बर, जॉन जियांग आणि इसाबेल वांग यांनी 2010 मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत गेलेले वरिष्ठ अधिकारी त्यांनी शोधले आणि नफ्याचे स्वेच्छेने दिले जाणारे अंदाज माणसाबरोबर बदलतात का, ते अमेरिकी कंपन्यांमध्ये तपासले. माणूस बदलला की शैली बदलते, असे त्यांना दिसले. वित्त, हिशेब आणि कायदा या वाटांनी वर आलेल्या, तसेच लष्करात काम केलेल्या अधिकाऱ्यांच्या शैलीत सावधपणाची काही लक्षणे होती. आणि वित्त-हिशेबातले व लष्करी अनुभव असलेले अधिकारी अधिक नेमके अंदाज देत होते.

या निष्कर्षात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाचक त्या एकत्र करून टाकतात. नेमकेपणा म्हणजे जे सांगितले ते किती बारकाईने सांगितले. मोकळेपणा म्हणजे सांगण्यासारख्या गोष्टींपैकी किती सांगितल्या. हिशेबातून वर आलेला प्रमुख भांडवली खर्चाचा आकडा, कर्जाचे भांडवलाशी प्रमाण, कार्यशील भांडवलाचे दिवस (रोजच्या कामात पैसा किती दिवस अडकतो ते) हे सारे दशांशापर्यंत देईल, आणि तरीही तो खर्च कोणत्या उत्पादनासाठी, कोणत्या ग्राहकाच्या भरवशावर आणि प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या चालीला उत्तर म्हणून आहे, याचा एक शब्दही नसेल. विक्रीतून आलेला प्रमुख बाजारपेठेचे चित्र भरभरून रंगवील. त्या चित्राला लागणारा पैसा कोठून येणार, हे मात्र पानेच्या पाने उलटूनही सापडणार नाही. पहिला अहवाल वाचून ‘किती पारदर्शक’ आणि दुसरा वाचून ‘किती स्पष्ट दृष्टी’ असे म्हणणारे वाचक मी पाहिले आहेत. दोन्ही अहवाल अर्धेच होते.

यावर एक उपाय मला उपयोगी पडला आहे. अहवालातील योजनांविषयीची सर्व विधाने एका कागदावर उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकापुढे पाच खुणा कराव्यात : काय करणार, कधीपर्यंत, कोणत्या पैशाने, कोणासाठी, आणि जमले नाही तर काय. ज्या रकान्यात एकही खूण पडत नाही तो रकाना नंतर अधिकाऱ्याच्या कारकिर्दीशेजारी ठेवून पाहावा. रिकाम्या रकान्यांतून जे कळते ते पुष्कळदा भरलेल्या रकान्यांतून कळत नाही, कारण माणूस ज्या गोष्टी आयुष्यभर दुसऱ्यांवर सोपवत आला त्या सांगायला तो सहसा विसरतो.

जे कायद्याने आणि उद्योगाने लिहायला लावले, ते माणसाच्या नावावर टाकू नका

भारतातील सूचिबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालातील व्यवस्थापनाची चर्चा आणि विश्लेषण हा भाग कोणाच्या लहरीवर चालत नाही. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या 2015 च्या सूचिबद्धताविषयक नियमांनी त्याचे विषय ठरवून दिले आहेत : उद्योगाची रचना आणि घडामोडी, संधी आणि धोके, विभागवार किंवा उत्पादनवार कामगिरी, पुढील काळाचा अंदाज, जोखमी, अंतर्गत नियंत्रण, आर्थिक कामगिरीची चर्चा आणि मनुष्यबळाविषयीच्या ठळक गोष्टी. ग्राहकांकडून येणे, मालसाठा, व्याज फेडण्याची क्षमता यांसारख्या ठरावीक प्रमुख गुणोत्तरांत मागच्या वर्षाच्या तुलनेत 25 टक्के किंवा त्याहून जास्त बदल झाला तर त्याचे कारण द्यावे लागते. त्यामुळे एखाद्या अहवालात गुणोत्तरांची कारणे सविस्तर दिलेली दिसली म्हणजे ‘सीए प्रमुख असल्याचा परिणाम’ असे म्हणून चालत नाही. शेजारच्या कंपनीचा प्रमुख भूगर्भशास्त्रज्ञ असला तरी तेथेही ती असणार.

उद्योगाचेही तसेच आहे. लार्सन अँड टुब्रो ही कंपनी अनेक वर्षे इंजिनिअरांच्याच हाती आहे. 1965 मध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून दाखल झालेले ए. एम. नाईक पुढे तिचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्यानंतर धुरा आली ती स्थापत्य अभियंता एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्याकडे. कंपनी आपली पंचवार्षिक योजना ‘लक्ष्य’ या नावाने मांडते. ‘लक्ष्य 2026’ मध्ये मुख्य व्यवसायाबाहेरच्या गोष्टींतून बाहेर पडणे आणि हरित हायड्रोजन, डेटा सेंटर अशा नव्या क्षेत्रांत उतरणे यांचा समावेश होता. वर्षाच्या सुरुवातीला नव्या ऑर्डरी आणि महसूल किती वाढतील याचा अंदाजही ही कंपनी देते. हे सारे इंजिनिअरच्या मनाचे प्रकटीकरण म्हणावे का? ऑर्डर बुकाविषयी, म्हणजे हाती असलेल्या ऑर्डरींच्या साठ्याविषयी, बोलणे हा प्रकल्प उभारणाऱ्या प्रत्येक कंपनीचा रिवाज आहे, कारण तिचे पुढचे दोन-तीन वर्षांचे उत्पन्न त्यातच साठलेले असते. तेवढा भाग वजा केला पाहिजे. उरलेल्या भागात, म्हणजे पाच वर्षांच्या योजनेला नाव देऊन, तिची वर्षे ठरवून, तिच्याशी प्रगती ताडून दाखवण्याच्या पद्धतीत, प्रकल्पाचा आराखडा आणि मुदत यांवर वाढलेल्या माणसांची सवय दिसते, असे माझे मत आहे. पण ते मत आहे आणि त्याला तेवढेच वजन द्यावे.

कंपनीचा स्वतःचा रिवाजही विसरू नये. इन्फोसिस वर्षाच्या महसुलवाढीचा अंदाज देत आली आहे, तर मुंबईची टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस असा आकड्यांतला अंदाज देत नाही. दोन्ही कंपन्यांत वेगवेगळे प्रमुख येऊन गेले, पण या सवयी टिकल्या. जे माणूस बदलूनही बदलत नाही ते माणसाचे नसते. म्हणून पार्श्वभूमीचा परिणाम शोधायचा तर प्रमुख बदलण्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे तीन असे पाच अहवाल शेजारी-शेजारी ठेवावेत आणि त्याच उद्योगातल्या, ज्या कंपनीत त्या काळात प्रमुख बदलला नाही अशा एका कंपनीचे तेच पाच अहवाल घ्यावेत. नव्या प्रमुखाच्या पहिल्या अहवालावर फार भिस्त ठेवू नये. त्यातला बराच मजकूर जुन्या माणसांनी, जुन्या साच्यात लिहिलेला असतो.

नेमणूकच उत्तर असू शकते

ही चूक छोटी दिसते, पण संशोधकसुद्धा तिच्यात अडकतात. कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या कंपनीचे संचालक मंडळ वित्तातला माणूस प्रमुख म्हणून आणते आणि पुढच्या वर्षी अहवालात कर्जफेडीचे वेळापत्रक, मालमत्ता विक्री, पतमानांकन यांविषयी पानेच्या पाने येतात. येथे वित्ताच्या पार्श्वभूमीने प्रकटीकरण बदलले, असे दिसते. प्रत्यक्षात मंडळाने आधी दिशा बदलली आणि त्या दिशेला साजेसा माणूस शोधला. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल टाळायची तर नेमणुकीच्या आधीच्या वर्षातील मंडळाचे निर्णय आणि शेअर बाजाराला दिलेल्या सूचना वाचाव्यात. नेमणुकीपूर्वीच मालमत्ता विकण्याचा ठराव झालेला असेल तर नव्या प्रमुखाच्या कारकिर्दीतून त्याचे स्पष्टीकरण शोधण्यात अर्थ नाही. शिवाय हेही ध्यानात असू द्यावे की, डिअरबॉर्न आणि सायमन यांच्या प्रयोगानंतर 30 वर्षांनी जेम्स वॉल्श यांनी अनुभवी व्यवस्थापकांवर केलेल्या अभ्यासात विभागामुळे नजर तशी अरुंद झालेली आढळली नाही. पार्श्वभूमी माणसाला घडवते, बांधून ठेवत नाही.

एकाच चेहऱ्याकडे पाहू नका

अहवालाच्या पहिल्या पानांवर अध्यक्षांचे किंवा व्यवस्थापकीय संचालकांचे छायाचित्र आणि पत्र असते, त्यामुळे सगळा मजकूर त्यांचाच, असे वाटते. माझ्या अनुभवात योजनांविषयीचे एक वाक्य छापखान्यात जाईपर्यंत किमान चार हातांतून जाते, आणि प्रत्येक हात आपल्या व्यवसायाची भीती त्याला लावतो. म्हणूनच वित्तप्रमुख आणि कंपनी सचिव यांच्या कारकिर्दी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कंपनी कायदा 2013 ने या दोघांनाही प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांत गणले आहे. प्रमुख तोच राहून वित्तप्रमुख बदलला आणि अहवालाची भाषा बदलली, असे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

संचालक मंडळाच्या कौशल्यांचा तक्ताही येथे उपयोगी पडायला हवा. सेबीच्या नियमांनुसार कंपनीला व्यवसायासाठी लागणारी मुख्य कौशल्ये कोणती आणि ती कोणत्या संचालकांकडे आहेत हे नावानिशी सांगावे लागते. दुर्दैवाने अनेक तक्त्यांत प्रत्येक संचालकासमोर प्रत्येक कौशल्याची खूण असते : वित्त, तंत्रज्ञान, मार्केटिंग, कायदा, सुशासन, सारे काही सर्वांना येते. असा तक्ता भागधारकाचा हक्क केवळ कागदावर पुरा करतो आणि मला त्याची खंत वाटते, कारण हीच एक जागा आहे जेथे कंपनीने स्वतःच्या तोंडाने सांगायचे असते की आमच्याकडे कोणत्या बाजूने पाहणारा माणूस नाही. तक्ता असा सपाट असेल तर तो बाजूला ठेवून संचालकांच्या परिचयातून स्वतःचा तक्ता करावा, आणि प्रत्येकासमोर एकच खूण करायची अशी अट स्वतःला घालावी. मग कोणता रकाना मोकळा राहिला ते दिसते.

मसुदा लिहिणाऱ्यांसाठी

आता थोडे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणाऱ्यांसाठी. मी स्वतः केलेली सर्वांत मोठी चूक म्हणजे मसुदा एकामागून एक टेबलांवर फिरवणे. प्रत्येक जण आधीच्याचे वाक्य ‘सुधारतो’, कोणालाच मूळ वाक्य दिसत नाही, आणि शेवटी सर्वांत सावध माणसाची भाषा उरते. आज ते काम पुन्हा आले तर मी कारखाना, विक्री, वित्त आणि सचिव यांना एकाच खोलीत, एकच मूळ वाक्य समोर ठेवून बसवीन आणि प्रत्येकाला विचारीन की यातील कोणता शब्द तुम्हाला चालत नाही आणि का. त्या दोन प्रेसच्या वाक्यात सचिवांचा आक्षेप योग्यच होता : क्षमतावाढ महत्त्वाची ठरत असेल तर तिची माहिती आधी शेअर बाजाराला द्यायला हवी, वार्षिक अहवालातून ती पहिल्यांदा बाहेर येणे बरे नव्हे. पण या अडचणीवरचा उपाय वाक्य पुसणे हा नव्हता. मंडळाने निर्णय घेतल्यावर नियमानुसार शेअर बाजाराला कळवून मग अहवालात ते वाक्य जसेच्या तसे ठेवता आले असते. मी तेव्हा हे सुचवले नाही, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरी चूक म्हणजे प्रमुखाच्या तोंडी भाषणाची टिपणे घेऊन त्याचाच योजनेचा भाग करणे. त्यात प्रमुखाच्या आवडीचा विषय फुगतो. यावर सोपा उपाय असा की, योजनेचा पहिला मसुदा ज्या विभागातून प्रमुख वर आला त्या विभागाबाहेरच्या माणसाकडून लिहून घ्यावा. विक्रीतून आलेल्या प्रमुखाच्या कंपनीत तो उत्पादनाच्या माणसाने लिहावा, हिशेबातून आलेल्याच्या कंपनीत विक्रीच्या माणसाने. जोखमींच्या भागाला हे दुप्पट लागू आहे, कारण ज्या कामात आपली उमेदीची वर्षे गेली त्यातली जोखीम माणसाला सवयीची होऊन जाते आणि ती जोखीम म्हणून लिहावी असे त्याला वाटतच नाही. तिसरी चूक उद्दिष्ट आणि योजना यांची सरमिसळ. इन्फोसिसचे 2020 साठीचे 20 अब्ज डॉलर हे उद्दिष्ट होते. सिक्का 2017 मध्ये बाहेर पडले आणि 2019-20 मध्ये महसूल 12.8 अब्ज डॉलरच्या आसपास राहिला. मोठे उद्दिष्ट जाहीर करण्यात गैर काही नाही. मात्र त्यासोबत दरवर्षीचे टप्पे आणि ज्या गृहीतकांवर ते उभे आहे ती गृहीतके लिहिली तर प्रमुख बदलला तरी वाचकाला काय राहिले आणि काय सोडून दिले ते कळते.

विश्लेषकांच्या बैठकीचे प्रतिलेखन वगळू नका

वार्षिक अहवाल चाळून निघालेला असतो, बैठकीतील प्रश्नोत्तरे तशी नसतात. तिमाही निकालांनंतर शेअर बाजारातील विश्लेषकांशी झालेल्या संभाषणाचे प्रतिलेखन, म्हणजे शब्दशः लिखित नोंद, सूचिबद्ध कंपनीला पाच कामकाजाच्या दिवसांत उपलब्ध करून द्यावे लागते आणि ते कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. अनेक जण त्यातले सुरुवातीचे निवेदन वाचतात आणि थांबतात. ते निवेदन आधी लिहून, तपासून घेतलेले असते. पार्श्वभूमीचा ठसा त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत सापडतो. प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी टिपाव्यात : कोणी उत्तर दिले, उत्तरात आकडा आला की वर्णन, आणि प्रश्न कोणाकडून कोणाकडे सोपवला गेला. चार तिमाह्यांचे प्रतिलेखन असे वाचले की नक्षी दिसू लागते. उदाहरणार्थ, मार्केटिंगमधून आलेले व्यवस्थापकीय संचालक ब्रँडवरच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतात, नव्या कारखान्याची तारीख विचारली की तो प्रश्न वित्तप्रमुखांकडे जातो, आणि वित्तप्रमुख रक्कम सांगतात पण महिना सांगत नाहीत. चार तिमाह्या तो महिना कोणीच सांगितला नसेल तर तो तुमचा प्रश्न.

तो विचारण्याची जागा वार्षिक सर्वसाधारण सभा. दूरदृश्य पद्धतीने सभा होत असेल तर बोलणारा भागधारक म्हणून आधी नोंदणी करावी लागते. त्याची मुदत सभेच्या सूचनेत दिलेली असते. बोलायला मिळणारी दोन-तीन मिनिटे ‘कंपनीच्या भविष्यातील योजना काय आहेत’ असे विचारण्यात घालवू नयेत, कारण त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक अधिकारी आपल्याला सोयीच्या भाषेत देऊ शकतो. मागच्या अहवालातले पान आणि परिच्छेद सांगून विचारावे की तेथे ज्या क्षमताविस्ताराचा विचार ‘योग्य वेळी’ होणार होता, त्याची किती मशीन आजच्या तारखेला शेडमध्ये उभी आहेत.